उशीतली सरकी

जगातला सर्वांत मोठा शांतता-पुरस्कार कोणाला द्यायचा, हे दूरच्या एका थंड देशातली काही जाणती माणसे ठरवतात. तो योग्य माणसाला मिळाला की नाही, हे मात्र चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावी, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली बसून हमीदभाऊ पिंजारी ठरवीत असत. त्या थंड देशाला याची कल्पना नव्हती, एवढेच.

नव्वदीच्या दशकातली ती वर्षे. दसरा उलटला की आमच्या गल्लीत दोन वास एकत्र नांदू लागत. एक भाताच्या गिरण्यांतून येणारा कोंड्याचा कोमट, गोडसर वास. दुसरा हमीदभाऊंच्या छपराखालचा, जुन्या गाद्यांच्या कापसाचा, कुणाकुणाच्या मुरलेल्या झोपेचा. थंडीच्या आधी गाद्या उसवून कापूस नव्याने पिंजून घ्यायची सगळ्यांनाच घाई असे. मोठ्या धनुष्यासारखी त्यांची धुनकी दोरीने आढ्याला टांगलेली. तिच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरी पडली की 'टुंग्ग' असा आवाज होई, कापसाचा गठ्ठा हवेत उधळे आणि ढग होऊन खाली बसे. त्या ढगात पापण्यांपासून मिशीपर्यंत पांढरे झालेले हमीदभाऊ मधूनच थांबत, तातीला कान लावत आणि कुणी विचारलेले नसताना सांगत, "तात बराबर नाई." मी शाळेतल्या नोकरीसाठी त्या गल्लीत राहायला आले त्या दिवसापासून ती तात बरोबर नव्हती.

त्याच दिवसांत एका शुक्रवारी दुपारी रेडिओवर पुरस्काराची बातमी येई. माझ्या खिडकीतला रेडिओ त्यांना ऐकू जात असे, पण परदेशी नावे त्यांच्या कानात टिकत नसत. धुनकी थांबे.

"बाई, देल्ला का जी?"

"दिला, हमीदभाऊ."

"कोनाले?"

मी सांगे: कोण, कुठला, काय केले. ते मिशीवरचा कापूस फुंकत आणि ठरलेले दोन प्रश्न विचारत.

"ज्याच्याशी भांडन होतं, त्याच्या घरी हा मानूस जेवाले जाते का? अन् जेवून तिथीच झोप लागते का त्याले?"

रेडिओ अशा मूलभूत बाबींवर मौन पाळी.

"मंग फायदा नाई. त्याच्या उशीत सरकी हाये."

हा अंतिम निकाल असे. कापूस कितीही शुभ्र दिसो, पिंजताना त्यात एक बी राहून गेले की ते बरोबर कानाखाली येते. माणूस कूस बदलतो, उशी उलटी करतो. सरकी पुन्हा कानाखाली. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. "फोटोत तं उशी गोरीपानच दिसते," ते म्हणत.

एका वर्षी, जन्मभर एकमेकांविरुद्ध लढलेल्या पुढाऱ्यांनी हात मिळवले म्हणून तो पुरस्कार त्यांना वाटून दिला गेला. मी उत्साहाने ही बातमी सांगायला गेले. हमीदभाऊ खो खो हसले. "हात तं कुस्तीतही मिळवतेत, बाई. मिळवल्यावरच तं कुस्ती सुरू होते." आणखी एकदा तो एका संस्थेला मिळाला, तेव्हा ते खरोखर चक्रावले. "संस्थेले? तिले डोक्स कुठी असते? उशी कोनाच्या खाली देतीन?"

त्यांच्या कसोटीला उतरले ते एकदाच. जमिनीत पुरलेले सुरुंग काढून टाका म्हणून झटणाऱ्यांना त्या वर्षी पुरस्कार मिळाला होता. "म्हंजे जमिनीतली सरकी काढनारे!" मोगरी खाली ठेवून ते उभेच राहिले. "हे तं आपल्याच धंद्यातले लोक हायेत." मग त्यांचे हसू हळूहळू विझले. उन्हाळ्यात ते रानातल्या सावरीच्या झाडांचा कापूस आणायला एटापल्लीकडे जात. तिकडच्या कोणत्या पुलापाशी सुरुंगाच्या धास्तीने बसमधली बोलणी आपोआप बंद पडतात, हे त्यांना ठाऊक होते. "तिकडंही धाडा म्हना त्याइले," एवढे बोलून ते पुन्हा कामाला बसले.

पण नुसती नावे ठेवून स्वस्थ बसणारा हा माणूस नव्हता. त्यांनी स्वतःचाच पुरस्कार सुरू केला होता. वर्षभरात गल्लीतले एखादे भांडण ज्याच्यामुळे मिटेल, त्याला सावरीच्या कापसाची उशी. सावरीची बोंडे रानात चैत्र-वैशाखात फुटतात. आतला कापूस इतका रेशमी की उशीला गाल लावला तर स्पर्श झाला की नुसती ऊब जवळ आली, ते कळत नाही. जगाचा पुरस्कार जाहीर होण्याच्या आधीच्या शुक्रवारी, नमाजहून परतल्यावर, हमीदभाऊ आपला पुरस्कार देत. "आपन आंधी देऊ. पाहून शिकतीन थे."

"बाई, इनकी मत सुनो," त्यांच्या पत्नी बानूभाभी दारातून म्हणत. "घर का तकिया फटेला है, और ये दुनिया को बाँट रहे."

गल्लीत दुसरा सरकारी नळ बसला आणि पाण्यावरून होणारी रोजची कटकट थांबली, त्या वर्षी निवड समितीने, म्हणजे त्यांनीच, नळाला पुरस्कार दिला. उशी सुतळीने नळाला बांधण्यात आली. मी म्हटले, "हमीदभाऊ, संस्थेला डोके नाही म्हणत होता, नळाला आहे का?"

"डोक्स नाई. पन कोनाशी भांडत तं नाई न. अन् सकाळचं पानी झालं का कसा निवांत झोपते, पाहा."

संध्याकाळी बकरीने उशीचा कोपरा खाल्ला, तेव्हा निकाल कायम ठेवून उशी परत घेण्यात आली.

पुढच्या खेपेला मानकरी होत्या उराडेबाई आणि गेडामबाई. दोघींच्या मधल्या भिंतीवर वाकलेल्या, उराडेबाईंच्या शेवग्याच्या झाडावरून त्या कित्येक वर्षे भांडत होत्या. एके दिवशी गेडामबाईंनी शेंगांची आमटी करून भिंतीवरून पलीकडे दिली आणि ते भांडण संपले. हमीदभाऊंनी दोघींना मिळून एक उशी दिली. आठवडा उलटायच्या आत उशी कोणाच्या घरी राहणार यावरून दोघी पुन्हा भिंतीपाशी उभ्या.

"शेंगा माह्या होत्या, उशी मले!"

"अन् आमटी कोनं केल्ती व? झाडानं?"

हमीदभाऊंना झालेला आनंद पाहण्यासारखा होता. "पाह्यलं, बाई? तिकडंही असंच होत असन. एक बक्षीस, दोन डोक्शे." त्यांनी ती उशी मागवली, उसवली, कापूस पुन्हा पिंजला आणि तिच्या दोन लहान उशा करून दिल्या. शेवटचा टाका दाताने तोडताना म्हणाले, "उशीच्या दोन होते. सगळ्याच गोष्टीच्या दोन होत नाई." मी तेव्हा ते नुसते ऐकले.

पुढल्या दसऱ्याला उराडेबाईंनी ठराव मांडला. "दरसाल हेच दुसऱ्याले देतेत. यंदा आपन हमीदभाऊलेच देऊ." सगळ्यांना पटले. अडचण एकच होती: सावरीची उशी करणारा गावात दुसरा कोणी नव्हता. तेव्हा नागपूरच्या मावशीसाठी म्हणून मीच त्यांच्याकडे उशी करायला टाकली.

"मावशीले झोप कशी लागते?" त्यांनी डॉक्टरासारखे विचारले.

"फारच कमी."

"मंग सरकी म्या सोता वेचतो." आणि दुपारभर मांडीवर कापूस घेऊन, चिमटीने एकेक बी ते वेचत बसले. उन्हाच्या तिरिपेत त्यांची बोटे त्या कापसात बुडत होती आणि वर येत होती.

शुक्रवारी सारी गल्ली छपराखाली जमली. उराडेबाईंनी उशी त्यांच्या हातात ठेवली. हमीदभाऊंनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिले. "हे तं माह्याच हातची शिलाई! मावशी कुठी हाये मंग?" सगळे हसले. तेही हसले. त्यांनी उशी गालाला लावली, क्षणभर तशीच धरली आणि मग माझ्या हातात परत दिली.

"मले नाई चालत, बाई. माह्या उशीत सरकी हाये."

"काऊन जी?" उराडेबाई म्हणाल्या. "तुमचं कोनाशी भांडन हाये?"

उत्तर दारातून आले. "रशीद से," बानूभाभी म्हणाल्या. "छोटा भाई."

इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग हमीदभाऊंनीच सांगितले, धुनकीकडे पाहत. वडील गेले तेव्हा घरात धुनकी एकच होती आणि पिंजारी दोन. ती दोघांनाही हवी होती. शब्दाने शब्द वाढला, आणि रागाच्या भरात दोन्ही भावांनी वाटणी केली. कमान हमीदची, तात रशीदची. रशीदने तात सोडली, गुंडाळून खिशात घातली आणि तो गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात कामाला निघून गेला.

"तातीबिगर कमान म्हंजे लाकूड, अन् कमानीबिगर तात म्हंजे दोरी. दोघं बी पिंजारी, दोघाइले समजत होतं. तरी बी केलं." त्यांनी कमानीवरून हात फिरवला. "ईदले गळे मिळतो, बाई. हातही मिळवतो. पन त्याच्या घरी म्या घास नाई खाल्ला, न त्यानं माह्या. साऱ्या दुनियेले विचारत आलो. आता कोन्या तोंडानं घेऊ?"

कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते.

"मंग जा न," उराडेबाई म्हणाल्या. "बस बंद हाये का?"

"अन् उशी घेऊन जा," गेडामबाईंनी जोड दिली. "भांडन झालं तं दोन करा. आमच्या नाई का केल्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले, तर बसथांब्यावर हमीदभाऊ. खांद्यावर तात उतरवलेली धुनकी, काखेत उशी, डोक्यावर धुतलेली टोपी. मूलहून चंद्रपूर, तिथून राजुरा, तिथून गडचांदूर. कंडक्टर दारात अडून उभा होता.

"हे काय हाये, चाचा? वाद्य हाये का?"

"सध्या लाकूड हाये," हमीदभाऊ म्हणाले आणि आत चढले.

मग छपराखाली शांतता पसरली. अर्धवट पिंजलेला कापूस चादरीखाली झाकून पडला होता. लोक गाद्या घेऊन येत आणि परत जात. बानूभाभी रस्त्यावर नजर ठेवून तांदूळ निवडत आणि कोणी विचारण्याआधीच म्हणत, "आएँगे."

पुढच्या शुक्रवारी दुपारी मी रेडिओ लावून बसले होते. बातम्यांना अवकाश होता. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, आणि मी दचकले, कारण तो 'टुंग्ग' नव्हता. आधीचा आवाज ओल्या माठावर बोट मारल्यासारखा होता. हा काशाच्या वाटीला नख लागावे तसा, स्वच्छ, आणि विरून गेल्यावरही हवेत उरणारा. माणूस दिसण्याआधीच मला सारे कळले आणि मी छपराकडे धावले.

हमीदभाऊंच्या टोपीवर सिमेंटची राखाडी धूळ होती. तिच्यावर आता कापूस बसू लागला होता. उशी कुठेच नव्हती.

"तात?" मी विचारले.

"बापाची. दरसाल तेल लावून ठेवली होती त्यानं."

"जेवलात?"

"जेवलो. वांग्याची भाजी. लय तिखट केल्ती, मुद्दामच असन." ते हसले. "अन् झोपलो बी. भर दुपारी. नवी उशी त्यानं घेतली, मले त्याची जुनी देल्ली. सरकीच सरकी, बाई! पन झोप लागली."

माझ्या घरातून रेडिओवरची बातमी ऐकू आली. धुनकी थांबली नाही, कोणी 'देल्ला का' म्हणून विचारले नाही. शेवटी मीच म्हटले, "हमीदभाऊ, दिला," आणि कोणाला, ते सांगितले. मग त्या दोन प्रश्नांची वाट पाहत उभी राहिले.

त्यांनी मिशीवरचा कापूस फुंकला. "बरं केलं. देऊ द्या त्याले."

"जेवायला जातो का, ते नाही विचारलेत?"

"जाइन. टाइम लागते. मूलहून गडचांदूर केवढं लांब हाये, मलेच मालूम नोतं."

मग सवयीने त्यांनी तातीला कान लावला. मी 'तात बराबर नाई' ऐकायला थांबले. त्यांनी मोगरी उचलली.