छत्तीस गुणांची टरफलं

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या सिद्धांकुर टेक्स्टाइल्स लिमिटेड या कंपनीला कोणताही धंदा नव्हता, आणि तो न करण्याचं काम ती अत्यंत शिस्तीने करीत असे. एके काळी ती टॉवेल विणायची. पुढे माग विकले, मग शेड विकली, मग शेडबाहेरचं लिंबाचं झाडसुद्धा विकलं. राहिली ती जिन्याखालची एक खोली, दारावरची पितळी पाटी आणि शेअर बाजाराच्या यादीत तळाला एक नाव. अशा कंपनीला बाजारात 'शेल' म्हणतात. चेअरमन तिप्पण्णा यांच्या पत्नी शिवबाई तिला सरळ टरफल म्हणत. शेंगाचटणीच्या गावात जन्म गेलेल्या बाईला टरफल ओळखायला चष्मा लागत नाही.

तिप्पण्णांचा जीव मात्र त्या टरफलात अडकला होता. नव्या पेठेतून निघाले की दोन्ही बाजूंचे दुकानदार "या चेअरमनसाहेब" म्हणून गादीवरून उठत. समाजाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची, आणि ते आल्याशिवाय हार कुणाला घालत नसत. अशात सरकारी पत्र आलं. धंदा नसलेल्या कंपन्यांची नावं यादीतून कमी करण्याचं ठरलं आहे. दिवाळीच्या आत दुसऱ्या कंपनीत विलीन व्हा, अन्यथा नाव कापलं जाईल. नाव कापलं की कंपनी नाही, कंपनी नाही की चेअरमन नाही. मग उरणार तिप्पण्णा, नुसताच.

"अण्णा, स्थळ बघायला पाहिजे," हिशेबनीस सोमशेखर म्हणाला.

"बघ की. पण आपल्यात दाखवण्यासारखं काय हाय?"

"धोरणं हायत की अण्णा!"

हे मात्र खरं होतं. ताळेबंदात सगळीकडे शून्य असल्यामुळे वार्षिक अहवालाची सारी भिस्त 'महत्त्वाची लेखा-धोरणे' या प्रकरणावर होती. मालाचा हिशेब कसा धरायचा, उधारी कधी बुडाली म्हणायची, यंत्रांचा घसारा किती, परदेशी चलन आलं तर काय करायचं, सगळं त्यात होतं. माल, उधारी, यंत्रं आणि परदेशी चलन तेवढं नव्हतं. सोमशेखरने हे प्रकरण फार वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीच्या छापील अहवालातून उतरवलं होतं. चादरीची नक्षी उतरवतात तसं, धागा न धागा. फक्त नाव बदललं. या धंद्यात सगळेच असं करतात, आणि सगळे करतात त्याला प्रथा म्हणतात. त्यामुळे धोरण क्रमांक बावीस असं होतं: 'कंपनीच्या मालकीच्या जहाजांची कोरड्या गोदीत ठरावीक मुदतीने दुरुस्ती केली जाते व तो खर्च पुढील दुरुस्तीपर्यंत विभागून दाखवला जातो.' सोलापूरला समुद्र कुठून आला, हा प्रश्न लेखापरीक्षणाच्या कक्षेत येत नसल्यामुळे कधी कुणी विचारला नाही.

स्थळ मोडनिंबचं मिळालं. भीमातीर ग्लोबल लिमिटेड, हायवेला लागून, टायरच्या दुकानावर. चेअरमन रामहरी कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले. शिवबाईंनी पोहे ठेवले आणि बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

"तुमची कंपनी काय करती?" रामहरींनी विचारलं.

तिप्पण्णांनी खाकरून घेतलं. "सध्या तर काही न्हाई."

"आमची बी न्हाय!" रामहरींचा चेहरा उजळला. "लई बरं झालं. काही करणारी गाठ पडली असती तर पंचाईत झाली असती."

मग सोमशेखर आपली धोरणं वाचू लागला आणि रामहरी आपल्या अहवालावर बोट फिरवू लागले. पहिलं जुळलं. पाचवं जुळलं. बाविसाव्याला रामहरींचं बोट थांबलं.

"ह्ये जहाजाचं... आमच्यात बी हाय की वो! अगदी शब्दाला शब्द."

दोन्ही कंपन्यांनी एकाच अहवालाचं दूध प्यायलं होतं. तिप्पण्णांनी घाईघाईने आपला अहवाल मिटला. पण सोमशेखर टाळी वाजवून उभाच राहिला.

"अण्णा, विलीनीकरणं मोडतात ती धोरणं न जुळल्यानं! इथं तर छत्तीसच्या छत्तीस गुण!"

"अय्यो," शिवबाई दारातून म्हणाल्या, "दोन टरफलं एकाच शेंगेची असली की जुळायचीच. दाणा कुणात हाय त्ये तरी बघा."

"ते लेखापरीक्षणाच्या कक्षेत येत नाही, वैनी," सोमशेखर म्हणाला.

सुपारी फुटली. तिप्पण्णा चेअरमन, रामहरी व्हाइस चेअरमन. अर्ज गेला आणि अर्जाबरोबर दोन्ही कंपन्यांची धोरणं गेली. सरकारी कार्यालयातल्या संगणकाने ती वाचली. माणसांनी इतकी वर्षं टाळलेलं काम यंत्राने एका झटक्यात केलं आणि शेरा मारला: दोन्ही कंपन्या जहाजवाहतूक क्षेत्रातल्या, जहाजांचा तपशील द्यावा.

जहाज नाही म्हणावं, तर इतक्या वर्षांचे अहवाल खोटे आणि दोन्ही नावं कापली जाणार. तेव्हा जहाज आहे, यावर संचालक मंडळाचं एकमत झालं. सोमशेखरने उत्तर लिहिलं: 'जहाजाचा संपूर्ण घसारा झाला असून त्याचे मूल्य शून्य आहे. शून्य मूल्याची वस्तू ताळेबंदात दिसत नाही. ताळेबंदात जहाज दिसत नाही, हाच ते असल्याचा पुरावा होय.'

खुलासा ग्राह्य धरण्यात आला. फक्त प्रत्यक्ष पाहणी होईल, असं कळवण्यात आलं.

पाहणीला आलेल्या साहेबांना तळ्यावर नेलं. काठावर हंसाच्या आकाराची, पायडल मारायची एक होडी भोक बुजवण्यासाठी आडवी करून ठेवली होती. सोमशेखरने ती होडीवाल्याकडून भाडेपट्ट्याने घेतली होती; भाडेपट्ट्याचं धोरण क्रमांक सतरा तयारच होतं.

"हे जहाज पाण्यात का नाही?" साहेबांनी विचारलं.

"कोरडी गोदी, साहेब. धोरण बावीस."

साहेबांनी पान उलटून खात्री केली. "चोच तुटली आहे."

"त्या खर्चाची तरतूद क्रमांक तीसमध्ये आहे."

"हं. आणि दुसऱ्या कंपनीचं जहाज?"

तिप्पण्णांच्या कपाळावरचं भस्म घामाने ओघळलं. पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांना मागे मागे सरकताना दिसू लागली. रामहरी मात्र पुढे सरसावले.

"साहेब, दोन कंपन्या एक हुणार. मग जहाजं तरी दोन कशाला ठिवायची? आमी आधीच एक केलं."

"म्हणजे विलीनीकरणाचा परिणाम अगोदरच दाखवलात," साहेब कौतुकाने म्हणाले. "ही दूरदृष्टी हल्ली मोठ्या कंपन्यांतही दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी बातमी आली: सोलापूरच्या कंपनीची जहाजवाहतुकीत झेप. आठवडाभर शेअर वरच जात राहिला. आता अडथळा उरला एकच, भागधारकांची मंजुरी. तिप्पण्णांची झोप उडाली. सरकारला पटलं ते ठीक. पण पैसा घालणारा माणूस तरी धोरणांचं पान वाचेल! एकाने वाचलं, एकाने विचारलं, की संपलं.

सभा ऑनलाइन भरली. पहिल्या भागधारकाने अभिनंदन केलं. दुसऱ्याने बोनस कधी, म्हणून विचारलं. तिसऱ्याचा आवाज बंद करायचा राहिला होता. त्याच्या घरचा मिक्सर सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतला. मग मतदान झालं. योजना भरघोस मतांनी मान्य.

"एकानंबी विचारलं न्हाई गं," तिप्पण्णा खुर्चीत टेकत म्हणाले. सुटकेच्या आनंदात त्यांना थोडा अपमानही वाटला असावा.

"न वाचता कोण मत देतंय वो?" शिवबाईंनी विचारलं. "कोण हायत ही माणसं?"

तिप्पण्णांनी त्यांतलं कुणी कधी पाहिलं नव्हतं. पण आपल्याला ठाऊक आहे. दुपारच्या जेवणानंतर मोबाईलवर एक सूचना आली होती, 'मसुदा वाचून मत द्या', आणि डोळा लागता लागता तुम्ही 'मान्य' दाबलंत. माझ्याकडे शेअर नाहीत, म्हणता? मग म्युच्युअल फंडाचा हप्ता जातो की दर महिन्याला! तुमच्या वतीने फंडवाल्यांनी दाबलं. आणि तुमच्या वतीने काहीही दाबायची परवानगी तुम्हीच दिली होती, 'मी सर्व अटी वाचून समजून घेतल्या आहेत' या ओळीपुढच्या चौकोनात टिचकी मारून. चेअरमनसाहेब कृतघ्न नाहीत. नव्या वार्षिक अहवालात त्यांनी तुमचे मनापासून आभार मानले आहेत, अगदी पहिल्याच पानावर. तेही तुम्ही वाचलेलं नाही.