बोट चेमटलं आणि उपग्रह रुसला

कुलूपरावाचं बोट सकाळी कपाटाच्या दारात चेमटलं. उपग्रहाला चोरांपासून जपायचं काम त्याचं, म्हणून उपग्रह चालवणाऱ्या केंद्रात सगळे त्याला कुलूपराव म्हणायचे. बायकोनं बोटाला ही एवढी पट्टी गुंडाळली. "आज घरी बसा," म्हणाली. पण उपग्रहाची बॅटरी उतरत चालली होती. तो डोक्यावरून पुढे सरकायच्या आत त्याचे पंख सूर्याकडे वळवायचे होते. नाहीतर तो कायमचा गार.

कुलूपरावानं पासवर्ड टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. 'तुम्ही तुम्ही नाही.'

"हे काय नवीन?" साहेब म्हणाले.

"पासवर्ड बरोबरच आहे, साहेब. पण माणूस टाइप कसा करतो, तेही हे बघतं. मीच बसवलंय. पासवर्ड कुणी चोरेल, बोटं कशी चोरणार?"

"आणि बोट सुजलं तर?"

कुलूपरावानं पट्टी सोडली, कळ सोसत पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल.

"सरक तू. तुझी खटखट मला पाठ आहे." साहेब बसले. मान वाकडी केली, हुबेहूब कुलूपरावासारखं नाक ओढलं आणि टाइप केलं.

"साहेब, ते नाक नाही बघत!" शेजारच्या टेबलावरची ताई ओरडली. बॅटरीचं काम तिचं, तिचा जीव टांगणीला.

पडद्यावर उपग्रहाचा निरोप आला. 'केंद्र चोरांच्या हाती गेलं आहे. यापुढे कुणाचंही ऐकणार नाही.'

"झालं! आता आपणच चोर," साहेब म्हणाले. "अरे, मागचं दार वगैरे काही?"

"फटसुद्धा ठेवली नाही हो मी!" कुलूपरावाला रडूच फुटायचं बाकी होतं.

उपग्रह ऐकत नव्हता, पण स्वतःची खबर पाठवत होता. बॅटरीचा आकडा घसरत घसरत थांबला. मग चक्क वर चढला.

"पंख वळले! कुणी वळवले?" कुलूपरावानं विचारलं.

"त्यानंच," ताईनं डोळे पुसले. "खाली चोर शिरले तर आधी सूर्याकडे तोंड करून जीव वाचव, असं शिकवून ठेवलेलं मी त्याला. कधी वेळ आली नव्हती, म्हणून धाकधूक होती."

"मला बोलली नाहीस ते?"

"तू त्यालाही कुलूप घातलं असतंस."

कुलूपरावानं सुजल्या बोटासकट हात जोडले. "ताई, फार उपकार झाले गं."

"माझे कसले? साहेबांचे उपकार मान. तिसऱ्या खेपेला ते बसले नसते, तर त्याला चोरांची खात्रीच पटली नसती."

साहेब लाजले. "बरं, आता सांगा त्याला, आपण चोर नाही म्हणून."

"नको साहेब," कुलूपराव पडद्याकडे मायेनं बघत म्हणाला. "पोटभर जेवू दे त्याला. तोवर आपण चोरच बरे."