अंशतः मयत वाद्यवृंद

आमच्या शहरात एक भिंत चुकून बांधली गेली. ती वाहनतळाच्या पूर्वेला व्हायची होती, नकाशा उलटा धरल्यामुळे पश्चिमेला झाली. बेचाळीस मीटर लांब, पुरुषभर उंच आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा. पाडावी तर चूक कबूल केल्यासारखे होणार, ठेवावी तर कशासाठी, असा पेच पडला. पेच पडला की कागद आमच्या स्मरण व गौरव विभागाकडे येतो. मी तिथे वरिष्ठ लिपिक आहे. आमच्या उपसंचालक मॅडमनी फाइलवर एका ओळीत निकाल दिला : 'सदर भिंत ही स्मृतिभिंत समजण्यात यावी.'

स्मृती कोणाची, हे ठरायला अकरा बैठका झाल्या. डॉक्टरांचा पुतळा होता, कवींच्या नावाने बाग होती, शिक्षकांना चौक दिलेला होता. ज्यांची शहराने आजवर काडीचीही दखल घेतली नाही असे कोणी शिल्लक आहे का, हे शोधता शोधता शेवटी रॉक वाजवणारे हाती लागले.

"आपल्याकडे होते का असे लोक?" मॅडमनी विचारले.

"होते मॅडम. आता बरेचसे वारले."

"मग उत्तम," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कार्यक्रमात वाजवणार नाहीत."

आता रॉक कशाला म्हणायचे, हा प्रश्न आला. संगीत विद्यालयाच्या प्राचार्यांना विचारले, तर त्यांनी 'हा आमचा विषय नाही' असे कळवले. पोलिसांना विचारले, तर ते म्हणाले की हा आमचाच विषय आहे, पण संगीत म्हणून नाही. अखेर आवाज नियंत्रण शाखेच्या कपाटात तीस वर्षांच्या तक्रारी सापडल्या आणि आमचा जीव भांड्यात पडला. या शहरात रॉक वाजत होते याचा कागदोपत्री पुरावा तेवढाच. त्यामुळे नियमात व्याख्या घातली : 'ज्या संगीताविरुद्ध एकाच शेजाऱ्याने सलग किमान तीन वर्षे लेखी तक्रार केली आहे, ते रॉक.' व्याख्या मीच लिहिली आणि मला तिचा अजून अभिमान आहे. तिच्यामुळे दोघे दिवंगत बाद झाले, कारण त्यांचे शेजारी सज्जन होते. तिसऱ्याचा शेजारी बहिरा निघाला. त्याला आमचा नाइलाज होता.

पहिला परिपूर्ण अर्ज घेऊन आला तो ठोक्या. वय साठीच्या आसपास, धंद्याने लिफ्ट दुरुस्त करणारा, खिशाला पाना लावलेला. टेबलाशी उभ्याउभ्या दोन बोटांनी माझ्या पंचिंग मशीनवर ताल धरून तो म्हणाला, "साहेब, आमचा बँड होता. 'फुटका सायलेन्सर'. भोंगा गायचा, तारसप्तक गिटार वाजवायचा, मुका बेस वाजवायचा आणि मी ड्रम. एकोणीस वर्षं वाजवलं. ते तिघं गेले."

"वाईट झालं," मी अर्जावर शिक्का मारत म्हणालो.

"त्याचं काय, एक रेकॉर्ड निघाली नाही आमची. पेपरात ओळ नाही. भोंग्याच्या बहिणीकडे एक फोटो आहे, त्यातही त्याचं डोकं कापलंय. आता ते तिघं होते हे फक्त मला माहीत आहे. मी गेलो की संपलं. तेवढी नावं भिंतीवर लागली पाहिजेत बघा."

एवढे बोलताना त्याची बोटे थांबली होती. मला माणूस आवडला. कार्यालयात माणूस आवडणे धोक्याचे असते, म्हणून मी लगेच तक्रारींची फाइल उघडली.

'फुटका सायलेन्सर'विरुद्ध नऊशे सत्याऐंशी तक्रारी होत्या आणि सगळ्या एकाच हस्ताक्षरात. ते हस्ताक्षर मी ओळखले. माझ्या लग्नात मांडलेल्या अटींचा कागद त्याच हस्ताक्षरात होता. तक्रारदार माझे सासरे होते.

बँड दर गुरुवारी संध्याकाळी सासऱ्यांच्या घराखालच्या टायरच्या गॅरेजात सराव करायचा. सासरे वर गॅलरीत वही घेऊन बसायचे. त्यांच्या तक्रारी वाचताना मी चहा प्यायचा विसरलो. 'आज गायकाचा घसा बसला आहे, तरी त्याने शेवटचे गाणे सोडले नाही. कारवाई व्हावी.' 'गिटारची वरची तार तीन आठवडे उतरलेली आहे. तिला कोणी वाली आहे की नाही?' 'मोठे वाद्य वाजवणारा इसम आज आला नाही. खालची बाजू पोकळ वाटते. चौकशी व्हावी.' आणि जवळजवळ प्रत्येक पानावर : 'ड्रमवाला तिसऱ्या गाण्यात पुन्हा घाई करतो. समज द्यावी.'

गेली चार वर्षे, म्हणजे बँड बंद पडल्यापासून, सासरे फार चिडचिडे झाले होते. घरात सगळे वयावर ढकलत होते.

तर पुरावा भक्कम होता. घोडे अडले ते 'नमुना र'च्या सातव्या रकान्यात. 'वाद्यवृंद पूर्णतः मयत आहे काय? होय किंवा नाही.' ठोक्याने प्रामाणिकपणे 'नाही' लिहिले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्याला मॅडमपुढे उभा केला.

"चार जण होते आणि तीन वारले," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे वाद्यवृंद अंशतः मयत आहे. अंशतः मयताची तरतूद नाही आमच्याकडे."

"पण तिघं तर पुरते मेलेत, मॅडम."

"त्यांच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. त्यांनी सहकार्य केलं आहे. अडचण तुमची आहे." मॅडमनी चष्मा पुसला. "उद्घाटन सहा आठवड्यांवर आलं. तुमचा काही विचार?"

"कसला विचार?"

"नाही, सक्ती नाही. तब्येत कशी असते तुमची?"

"ठणठणीत," ठोक्या ओशाळून म्हणाला. माणसाला स्वतःच्या तब्येतीची इतकी लाज वाटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. "थोडी साखर आहे."

"साखरेला वर्षं लागतात," मॅडम हळहळल्या.

मार्ग मी काढला. वाद्यवृंदात तीनच माणसे होती असे ठरले तर तो आपोआप पूर्णतः मयत होत होता. त्यासाठी ठोक्याने एक प्रतिज्ञापत्र द्यायचे : 'मी सदर वाद्यवृंदात कधीही नव्हतो. ड्रम कोण वाजवत होते याची मला माहिती नाही. मी त्या बाजूला लिफ्ट दुरुस्तीसाठी जात असे.'

ठोक्याने कागद दोनदा वाचला. "आमच्या त्या बाजूला एकाही इमारतीला लिफ्ट नाही," तो म्हणाला.

"ते कोणी तपासत नाही."

"म्हणजे हे तिघं राहतील, आणि मी नव्हतोच?"

"कागदावर," मी म्हणालो. "कागदावर कोण कुठे असतं हो."

त्याने सही केली. पाना काढून टेबलावर ठेवला, सही केली, पाना पुन्हा खिशाला लावला आणि मला धन्यवाद देऊन गेला. मला त्या दिवशी जेवण गोड लागले नाही, हे मी इथे कबूल करतो. कार्यालयात केलेले नाही.

उद्घाटनाला शहर लोटले. मुका वारला तेव्हा त्याच्या घरच्यांना खांदेकरी पुरेनात म्हणून टायरवाला दुकान बंद करून गेला होता, असे मागाहून कळले. पण उद्घाटनाला अकराशे चाळीस माणसे आली आणि प्रत्येकजण त्या गॅरेजात दर गुरुवारी जात होता. ज्या गॅरेजात टायर बाजूला सारले तर नऊ माणसे मावतात, तिथे अकराशे चाळीस जण एकोणीस वर्षे नियमित कसे मावले, हा प्रश्न मला पडला. मी तो नोंदवहीत न घेता मनातच ठेवला. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की भोंग्याने एक गाणे त्यांच्याकडे बघूनच केले होते. नगराध्यक्षांनी भाषणात सांगितले की ते कायम पहिल्या रांगेत बसत. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर गहिवरून तारसप्तकाला आपणच घडवले म्हटले. त्यांनी त्याला दोनदा शाळेतून काढले होते, तेव्हा त्यात काही अंशी तथ्य आहे.

आवाजाची मर्यादा पाळायची म्हणून संगीताऐवजी पाच मिनिटे शांतता ठेवली होती. ती फार रंगली. मागच्या रांगांनी पुन्हा एकदा व्हावी अशी मागणी केली.

प्रमुख पाहुणे अर्थातच सासरे होते. रॉकचे शहरातले एकमेव लेखी अभ्यासक म्हणून मॅडमनीच त्यांचे नाव सुचवले. त्यांनी पडदा बाजूला केला, चष्मा नाकावर ओढून पाटी वाचली आणि माइक हातात घेतला.

"ही तीनच नावं आहेत. चौथा कुठे आहे?"

मॅडम हसून म्हणाल्या, "चौथा नव्हता, काका. तसं प्रतिज्ञापत्र आहे."

"नव्हता?" सासरे म्हणाले. "मग एकोणीस वर्षं मी कुणाबद्दल लिहीत होतो? माझ्या निम्म्याहून जास्त तक्रारी एकट्या ड्रमवाल्याच्या आहेत. तो नव्हता म्हणजे मी खोटं लिहिलं? जावईबापू, फाइल आणा."

जावईबापूंनी, म्हणजे मी, फाइल नेऊन दिली. दुसरे काय करणार? घरी त्यांच्याच मुलीशी गाठ होती.

"हे बघा," सासरे पाने उलटत म्हणाले. "तिसऱ्या गाण्यात हा माणूस घाई करायचा. दर वेळी. सात वर्षं ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि एका गुरुवारी त्याने घाई केली नाही. चौघं असे एका दमात शेवटापर्यंत गेले की मी वही मिटून ठेवली. त्या गुरुवारची तक्रार नाही. मोजून घ्या. एकोणीस वर्षांत तेवढा एकच गुरुवार सुटलाय. मग तो सोडवला कुणी? तुमच्या प्रतिज्ञापत्राने?"

मागे, माइकच्या वायरीपाशी उभा असलेला ठोक्या पुढे आला. त्याला आमंत्रण नव्हते. तो लाउडस्पीकर नीट लागतोय का बघायला आपणहून थांबला होता. त्याचे डोळे भरून आले होते.

"काका, घाई मी करत नव्हतो," तो म्हणाला. "भोंगाच रेंगाळायचा."

"मेलेल्या माणसावर ढकलू नकोस."

"मेला म्हणून काय तालात आला का?"

सासरे इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. दोघे व्यासपीठाच्या पायरीवर बसून तिसऱ्या गाण्यावरून भांडू लागले आणि मला, सरकारी नोकर असूनही, फार आनंद झाला.

मॅडमना मात्र झाला नाही. चौथा सिद्ध झाल्याने वाद्यवृंद पुन्हा अंशतः मयत झाला होता आणि पाटी नियमबाह्य ठरली होती. तिथल्या तिथे तातडीची बैठक झाली. पाटी काढली तर तिघांची नावे जात होती; ठेवली तर नियम जात होता. शेवटी मॅडमनीच तोडगा काढला आणि त्यांची हुशारी मानलीच पाहिजे. पाटीवर चौथी ओळ कोरायची : 'ठोक्या, ड्रम.' पुढे तारखेपुरती जागा कोरी ठेवायची आणि खाली लहान अक्षरांत लिहायचे, 'काम प्रगतिपथावर.'

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्या कोऱ्या जागेशेजारी ठोक्याला उभे करून फोटो काढायला रांग लागली. डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात हातात घेतला. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. एवढे प्रेम अंगावर आल्याने बिचारा गोंधळला आणि माइकजवळ जाऊन म्हणाला, "ड्रम अजून त्याच गॅरेजात आहेत. या आठवड्यापासून मी पुन्हा वाजवणार, दर गुरुवारी, संध्याकाळी सहाला. तिघांची गाणी मला पाठ आहेत. दार उघडंच असेल. तिकीट नाही. या की सगळे."

एकदम शांतता झाली, मघाच्या पाच मिनिटांपेक्षा चांगली. डॉक्टरीणबाईंना गुरुवारी पेशंट असतात. मुख्याध्यापकांना गुडघे आहेत. कोणी म्हणाले वाहन लावायला जागा नाही, आणि हे ते बेचाळीस मीटर मोकळ्या जागेत उभे राहून म्हणाले. नगराध्यक्षांनी ठोक्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सर्वांच्या वतीने शब्द दिला, "ती तारीख भरली की फक्त कळवा. आम्ही झाडून सगळे येऊ."

त्या गुरुवारी गॅरेजात एकच श्रोता आला. सासरे जिना उतरून खाली गेले, टायरवर बसले आणि वही उघडली. तेव्हापासून ते दर गुरुवारी जातात. आल्यागेल्याची नोंदही तेच ठेवतात. त्यांची नोंद चुकत नाही हे आता सिद्ध आहे.

हे वाचून तुमचे मन भरून आले असेल. आपल्या गावात असा कोणी असता तर आपण नक्की गेलो असतो, असेही वाटले असेल. सासऱ्यांच्या वहीत तुमचे नाव मी शोधले, सापडले नाही. काळजी करू नका. शोकसभेची बैठकव्यवस्था माझ्याकडे आहे आणि गहिवरणाऱ्यांच्या यादीत तुम्हाला मी आधीच घातले आहे. तिसरी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे मध्येच उठून जाता येईल. ठोक्याची तब्येत ठणठणीत आहे, त्यामुळे तुम्हाला थोडे थांबावे लागेल. थांबण्याची तुम्हाला सवय आहेच.