तात्या शेवाळे चिप जोखतात

तात्या शेवाळ्यांना मुलं किती, असं कुणीही विचारून बघा. ते 'एक' म्हणणार नाहीत. म्हणतील, "लाभ."

बाजार समितीत मापारी म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. पहिलं माप टाकताना मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. मग दोन, तीन, चार. ही जुनी रीत. बाकीच्यांनी ती बाजाराच्या फाटकातच सोडली, तात्यांनी घरी आणली. जिना चढताना लाभ, दोन, तीन. गोळ्या घेताना लाभ, दोन. एकदा दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, छातीत किती वेळा दुखलं. तात्या म्हणाले, लाभ. डॉक्टर चांगला मराठी माणूस, तरी त्याने माझ्याकडे बघितलं.

दुसरी खोड हाताची. कुठलीही वस्तू दिली की तात्या ती उजव्या तळहातावर घेतात, दोनदा वर-खाली करतात आणि डोळे बारीक करून वजन सांगतात. लग्नाची पत्रिका आधी जोखतात, मग वाचतात. हलकी लागली की म्हणतात, जेवण बेतानंच दिसतंय. माझं आणि त्यांचं पहिलं भांडण विटेवरून झालं. मी गवंडी. जन्मभर विटा हाताळल्या, आणि हा माणूस मला विटेचं वजन सांगणार. काटा आणून मोजली. त्यांचं बरोबर निघालं. वीट ओली होती, असं माझं आजही म्हणणं आहे.

पेठ नाक्याच्या पलीकडे आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. वहिनी गेल्यापासून तात्या दोन खोल्यांत एकटेच. गेल्या दिवाळीनंतर मंदा आली, त्यांची मुलगी. ती त्यांना आबा म्हणते, मला नाना. सासरहून एका पिशवीनिशी आली आणि परत जायचं नाही म्हणाली. तिथं काय झालं ते तिने सांगितलं नाही, तात्यांनी विचारलं नाही. गल्लीने मात्र विचारायचं सोडलं नाही. पोरगी कधी जाणार, तात्या? तात्या विचारणाऱ्याच्या हातातली भाजीची पिशवी घ्यायचे, जोखायचे आणि सांगायचे, वांगी पावशेर कमी दिलीत तुम्हाला. माणूस तसाच भाजीवाल्याकडे पळायचा.

मंदाने लग्नाआधी कॉम्प्युटरवर इमारतीचे नकाशे काढायचा कोर्स केलेला. गंगापूर रोडला एक आर्किटेक्ट बाई आहेत, त्यांची कामं मी केली आहेत. मी जाऊन शब्द टाकला. बाई म्हणाल्या, काम देते, घरून करू दे, पण मशीन तिचं स्वतःचं हवं आणि एक तारखेपासून सुरुवात. नाहीतर दुसरी मुलगी तयार आहे. मी हो म्हणून आलो. पोरीला पायावर उभं राहायला एवढीच जागा दिसत होती, आणि शब्द माझा गेला होता. मशीन निवडायचं काम तात्यांनी कुणाला न विचारता स्वतःकडे घेतलं. हातात दिवस अठरा.

अशोक स्तंभाजवळ नितीनशेठचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. त्याने नीट समजावलं. नकाशातलं घर पडद्यावर फिरवायचं तर चित्राचं वेगळं कार्ड घालतात, पण ते घेतलं की तुमचं बजेट तिथंच आटोपलं. म्हणून अशी चिप घ्या, जिच्या पोटातच चित्राची सोय आहे. तात्यांच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, अहो, लाकडी कपाट परवडत नाही तेव्हा आपण भिंतीतच फडताळ काढतो की नाही? थोडी भिंत खाल्ली जाते, पण काम भागतं. नितीन म्हणाला, काका, तुम्ही दुकानात येऊन बसत जा. चौथी शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला तो हे म्हणाला, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

मग त्याने दोन डबे पुढे ठेवले, एक निळा, एक लाल. निळ्यातली चिप कामाला चपळ, चित्राला बेताची. लालमधली चित्राला तगडी, बाकी थोडी मागे. भाव जवळपास सारखा. तात्यांनी एका हातात निळा घेतला, दुसऱ्यात लाल, आणि डोळे बारीक केले.

"निळ्यात माल जास्त हाय."

नितीन म्हणाला, काका, त्यात पंखा मोठा आहे, ते वजन पंख्याचं. तात्या म्हणाले, मग डबा-पंखा, सगळं बारदान वजा करून दाखव. सीलबंद डबा फोडता येत नाही म्हटल्यावर ते उठलेच. माल न बघता सौदा त्यांनी कधी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते घरून पितळी काटा घेऊन गेले. सोबत मी, कारण शब्द माझा. नितीनने बिचाऱ्याने जुन्या मशीनमधल्या दोन्ही कंपन्यांच्या चिपा काढून दिल्या, पिनांना हात लावू नका एवढंच बजावलं. पारडी टांगली. फरक निघाला चार-दोन गव्हाच्या दाण्यांचा. तात्यांनी दोन्ही चिपा परत दिल्या. सुपारीएवढ्या वस्तूवर पोरीचं सगळं बसवायचं, म्हणाले, आणि काटा पिशवीत ठेवून दिला.

मला वाटलं, आता थकले. छे. हाताला कळत नाही तर तोंडाने विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. रोज सकाळी सिटी बसने दुकानात. चिपेत काम करणारे गाभे, नितीनच्या भाषेत कोअर, किती ते मोठ्याने मोजायचे, लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा, आणि दुकानातली गिऱ्हाइकं तोंडावर हात ठेवायची. नितीनने सांगितलं की पोटातलं चित्र मशीनच्याच मेमरीतून वाटा खातं, म्हणून मेमरीची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन छोट्या बऱ्या. हे तात्यांना एका झटक्यात पटलं. कावडीला दोन्हीकडे भार पाहिजे, नाहीतर खांदा चालत नाही. नितीन म्हणाला, शिकल्यासवरलेल्यांना पण हे इतक्या लवकर कळत नाही. त्याने हे बोलायला नको होतं. पेठ नाका येईस्तोवर तात्यांनी कंडक्टरला मेमरी शिकवली.

तीन दिवस राहिले तेव्हा माझं डोकं फिरलं. बसस्टॉपवरच मी तात्यांना धरलं. म्हटलं, निळा घ्या नाहीतर लाल घ्या, पण घ्या. काम दुसऱ्या पोरीला गेलं म्हणजे मग बसा डबे जोखत.

तात्या रागावले नाहीत. बाकड्यावर बसले.

"मिस्तरी, तिच्या लग्नाच्या टायमाला मी पाहुण्यांची शेती पाहिली, विहीर पाहिली, बैल पाहिले. आन चहा संपायच्या आत हो म्हणलो." मग म्हणाले, "सगळं जोखलं. पोराला नाय जोखलं."

बस आली, गेली. आम्ही दोघं बसूनच राहिलो.

दुसऱ्या दिवशी ते नितीनला म्हणाले, दोन ढीग शेजारी-शेजारी ओतल्याशिवाय बाजारात भाव फुटत नाही. तुझी दोन्ही मशीनं शेजारी लाव. नितीनकडे दोन गिऱ्हाइकांची तयार मशीनं होती, एक निळ्याचं, एक लालचं. त्याने ती काउंटरवर मांडली. मंदाला बोलावून घेतलं. आर्किटेक्ट बाईंनी नमुन्याला दिलेला तीन मजली बंगला तिने पेनड्राइव्हमध्ये आणला होता.

निळ्यावर बंगला पटकन उघडला, पण फिरवायला लागलं की दचके द्यायचा, खडीच्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरसारखा. लालवर जरा थांबून उघडला, आणि मग असा फिरला की मला जिना खालून-वरून सगळा दिसला. जिन्यात डोकं आपटणार होतं. मी तसं सांगितलं. मंदाने तिथल्या तिथे स्लॅब मागे घेतला आणि मला म्हणाली, नाना, आता? आता बरोबर होतं.

तात्या पडद्याकडे बघतच नव्हते. ते मंदाच्या हाताकडे बघत होते.

"लाल दे," नितीनला म्हणाले.

नितीनने विचारलं, कशावरून ठरवलं, काका? तात्या म्हणाले, त्याच्यावर पोरीचा हात हलका पडला.

एक तारखेला मंदा कामाला बसली. पंधरा दिवसांनी आर्किटेक्ट बाईंचा मला फोन आला, मुलीचं काम स्वच्छ आहे, टिकणार ना ती? मी म्हटलं, टिकणार.

त्यानंतर एका रविवारी तात्यांनी मंदाला स्वतःचंच घर काढायला सांगितलं. टेपचं टोक त्यांनी धरलं, आकडे तिने लिहिले. नकाशा कागदावर छापून आला. बाहेरच्या खोलीत तिने एक नवी भिंत काढली होती, तात्यांनी सांगितली म्हणून. मला हाक मारून त्यांनी कागद हातात दिला. पुस्तक वाचायला मला वेळ लागतो, नकाशाला लागत नाही. भिंत चार इंची, ओट्यावर उघडणारं दार अडीच फुटी, आत मशीनचं टेबल आणि पलंग. म्हटलं, तात्या, तुमची खाट? म्हणाले, दाराबाहेर, ओट्यावर. पत्रा टाकून घेऊ. थंडीचा विचार करून मी कागदाच्या कोपऱ्यात पत्र्याचं माप जरा मोठंच लिहिलं.

आठवड्यात भिंत उभी केली. मजुरीचा विषय त्यांनी काढला, मी काढू दिला नाही. चौकट बसवली, दार टांगलं, कडी तेवढी राहिली. मंदा मशीनवर बसली होती. मी तात्यांना विचारलं, कडी कुठून लावू? मंदाचा माऊसवरचा हात थांबला. ती वळली नाही.

"आतून," तात्या म्हणाले. "बाहेरून खिळा पण मारू नका."

मी दणकट कडी आणली होती, ती आतून बसवली आणि बाहेर आलो. मंदा उठली, तिने दार लोटलं आणि आतून कडी घातली. उघडली. पुन्हा घातली. आम्ही दोघं म्हातारे ओट्यावर उभे.

मग तात्यांनी चपला काढल्या, स्वतःच्याच घराच्या दारावर बोटाने टकटक केली आणि विचारलं, "येऊ का?"

आतून मंदा म्हणाली, "थांबा, आबा."

तात्या थांबले.