पोटाची वाटणी

बसड्रायव्हर टायरनं, हे नाव त्याला पोटावरूनच पडलेलं, आजवर गाडी कुठं घासली नव्हती. पण पोट स्टिअरिंगला घासायचं, आणि डेपोचा नवा नियम निघाला: जाड ड्रायव्हर बाद. ज्याची जाडी जन्मजात, त्यालाच तेवढी माफी.

"माझं रक्त तपासा," टायर म्हणाला. "गाडी काढून घेतली तर मी करू काय? दुसरं येतंय काय मला?"

रिपोर्ट आला. चरबी जाळायच्या जीनच्या दोन प्रती असतात म्हणे, एक आईकडची, एक बापाकडची. टायरच्या आईकडची चोख निघाली, बापाकडची कामचुकार.

"म्हटलं नव्हतं? तुमचंच घराणं!" बायकोचा जीव शांत झाला.

डेपोच्या साहेबांनी गंभीरपणे चष्मा पुसला. "म्हणजे अर्धं पोट वडिलोपार्जित, अर्धं स्वकष्टार्जित. वडिलोपार्जिताला माफी, स्वकष्टार्जितावर कारवाई. सकाळी गाडी चालवा. दुपारनंतर तुम्ही जाड."

"साहेब, पोट एकच आहे हो!"

"खात्याच्या दृष्टीनं दोन."

हे ऐकून टायरचा धाकटा भाऊ पुढं आला. त्याच गाडीवर कंडक्टर, अंगानं नुसती काडी. उभं राहून राहून पायांचा भुगा झालेला, त्यामुळं ड्रायव्हरच्या सीटवर त्याचा डोळा होताच.

"वडिलोपार्जित आहे ना? मग माझाही हिस्सा काढा."

"अरे, तुला पोट कुठंय?"

"पोट नसेना का दादा, बाप तर एकच होता ना?"

धाकट्याचंही रक्त तपासलं. बापाची तीच कामचुकार प्रत! साहेब खुर्चीतून उठलेच. "वा! ह्यांच्याकडे स्वकष्टार्जित काहीच नाही. जे आहे ते निव्वळ वडिलोपार्जित. तुमच्यात भेसळ आहे, टायर. सीट ह्यांची, पूर्ण दिवस."

"अहो, पण त्याला गाडी येत नाही!"

"ते आमच्या नियमात बसत नाही. नियम फक्त जाडीचा आहे."

टायरच्या गळ्यात तिकिटांची बॅग आली. आता तो दोन बाकांमधून आडवा होऊन सरकतो आणि तिकीट फाडता फाडता पुढं ओरडतो, "क्लच! अरे गाढवा, क्लच दाब आधी!"

काल गाडी फुटपाथवर चढली ना, तेव्हा तुम्ही पुढून दुसऱ्याच बाकावर होतात. कपाळ आपटलं तुमचं दांडीवर. ते चोळत चोळत शेजारच्याला काय म्हणालात?

"ड्रायव्हर मात्र फिट ठेवलाय हो."