ठरलेल्या लग्नाची नवी स्थळं

वैदेहीने ऑफिसचं कुलूप काढलं आणि फोन वाजला.

"ताई, माज्या पिंकीचं तुमीच जुळवलं न्हवं?"

"हो कोंडीबाकाका. परवा रविवारी साखरपुडा की. काय झालं?"

"मग जावयाच्या फोनवर अजून पोरी कोन धाडतंय?"

झालं होतं ते असं. होणारा जावई सयाजी, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपातला, खरेदीसाठी सोलापुरात बहिणीकडे उतरला होता. काल संध्याकाळी कुंभारीला सासऱ्यांकडे चहाला गेला आणि फोन चार्जिंगला लावून बसला. कोनाड्यात फोन उजळला. 'सयाजी, तुमच्यासाठी आणखी एक अनुरूप स्थळ!' खाली मुलीचा फोटो, त्याखाली गुलाबाचं फूल. कोंडीबांनी ते मोठ्यानं वाचलं. चहा तसाच निवला.

"दुपारी दोघांस्नी घिऊन येतो," कोंडीबा म्हणाले. "जोडलं तुमी, मोडायचं बी तुमच्याच म्होरं."

साखर पेठेतल्या गोदावरीबाईंच्या वधूवर केंद्रात वैदेही नवी होती, आणि हे तिच्या हातून जुळलेलं पहिलं लग्न. पहिल्या बाळाला जपावं तसं ती त्याला जपत होती.

केंद्रात सॉफ्टवेअरं दोन. एकात, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, कोण कुठलं, कोणाचं ठरलं, त्याची नोंद. त्याला सीआरएम म्हणायचं. दुसरं आपलं आपण फोनवर स्थळं धाडायचं. एका घरातल्या दोन जावाच त्या! एकीनं दळावं, दुसरीनं थापावं. पण पीठ पुरे झालं, हे थापणारीला कळायला नको? ते सांगायला मधे 'सिंक' नावाचा निरोप्या ठेवला होता, आणि तोच रोज वाटेत कुठेतरी बसकण मारत होता. पिंकी-सयाजीच्या नावापुढे वैदेहीने 'ठरलं' अशी खूण कधीच केली होती. थापणारी थापतच होती.

वैदेहीने पुण्याला अद्वैतला स्पीकरवर फोन लावला. दोन्ही सॉफ्टवेअरं त्यानेच बसवलेली.

"मॅडम, नेट ठीक आहे, पासवर्ड ठीक आहे," अद्वैत रडकुंडीला आला होता. "रोज सकाळी मी इथून सिंक चालू करून देतो. ते जुन्या नोंदींपासून निघतं आणि नव्यांपर्यंत पोचायच्या आत बंद पडतं. की पुन्हा पहिल्यापासून! मंगळवारी दुपारी पडलं, बुधवारी ऐन जेवायच्या वेळी, शनिवारी सकाळीच. काही ताळतंत्रच नाही हो याला!"

"आज?"

"आज छान चाललंय. निम्म्याच्या पुढे गेलं बघा..."

इतक्यात, एव्हाना येऊन बसलेल्या गोदावरीबाईंनी भिंतीवरच्या पंचांगाकडे पाहिलं, शांतपणे उठल्या आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचं बटण बंद केलं.

"पडलं!" अद्वैत ओरडला.

"बाई, हे काय केलंत?"

"राहुकाळ लागला की गं. राहुकाळात स्थळाचं बोलणं पुढे जाऊ द्यायचं नाही. संपला की लावते मी परत. सासूबाईंपासूनची रीत आहे ही."

"पण मेसेज तर जातातच! ते सॉफ्टवेअर इथं नाही, लांब कुठेतरी चालतं."

"आणि तिकडे पंचांग नाही?"

फोनवरून अद्वैत हळूच म्हणाला, "मॅडम, त्यांना विचारा ना, शनिवारचा राहुकाळ सकाळी असतो का?"

"सकाळीच," गोदावरीबाई म्हणाल्या. "आणि मंगळवारचा दुपारी. एवढंही शिकवत नाहीत का पुण्यात?"

शेवटी तोडगा निघाला. राहुकाळात बाईंनी स्क्रीनवर टॉवेल टाकायचा, बटणाला हात लावायचा नाही.

यंत्राचं मिटलं. माणसांचं राहिलं होतं. दुपारी कोंडीबा आले, मागे ओढणी सावरत पिंकी, आणि तिच्यापासून चार हात राखून सयाजी. वैदेहीने सगळं समजावलं. कोंडीबांनी राहुकाळाला मान दिला, पण हेका सोडला नाही.

"यंत्रानं धाडली, मान्य. पन ह्या पठ्ठ्यानं बगितलीच आसतील की!"

सयाजीने फोन टेबलावर ठेवला. मेसेजांची रांग लागलेली, सगळे न उघडलेले.

"एक बी उघडला न्हाय, मामा. माजं ठरलंय की. मला काय करायचंय?"

कोंडीबा निवळले. वैदेहीचा जीव भांड्यात पडला. पण गोदावरीबाईंना दोन्ही बाजू पाहायची खोड.

"पिंकी, मग तुलाही येत असतील की गं?"

"आली की."

"मग?"

"बगितली."

"एखादं?"

"समदी."

कोंडीबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

सयाजीने घसा खाकरला. "बरी हुती का?"

"बरी हुती. एक तर पुन्यात फ्लॅटवाला हुता."

"मग?"

पिंकीने मान वर केली. "मग काय मग? साखरपुड्याच्या साडीचा रंग तुमाला परवा कळवला न्हवं? समदी बगून झाली, मगच कळवला."

सयाजीचे कान साडीच्या रंगाचे झाले. कोंडीबांनी टोपी झटकून डोक्यावर चढवली. "चला, पावनं. अंगठी आनायची ऱ्हायलीय." बापलेक जिना उतरू लागले.

सयाजी मात्र दारातून परत फिरला आणि वैदेहीच्या टेबलापाशी वाकून हळू आवाजात म्हणाला, "ताई, त्यो पुन्याचा फ्लॅटवाला हाय न्हवं... त्येचं बी कुटंतरी लवकर जुळवा की."