किसनमामांचं गाळप

आज मी दोन वेळ जेवतो, कामाची पाळी करतो, ते किसनमामांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांची थोडी टिंगलही करणार आहे.

मामा भेटले की 'जय भीम' नंतर. आधी ते अंगठ्याने समोरच्याची खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघतात. टँकरवाला असो, पोस्टमन असो. एकदा मतं मागायला पुढारी आला. मामांनी त्याचीही पापणी ओढली. "सायेब, लिव्हर दमलंय तुमचं. पार्ट्या कमी करा." बरोबरची माणसं खिदळली. पुढारी गाडीत बसल्यावर आरशात डोळे बघत होता.

मी कोकणातला. आठवीत शाळा सुटली, मोठा झाल्यावर ठेकेदाराने वॉचमन म्हणून पाठवलं ते थेट केज तालुक्यात, एका बंद सहकारी साखर कारखान्यावर. दुष्काळाने ऊस नाही, ऊस नाही म्हणून गाळप नाही, गाळप नाही म्हणून माणसं नाहीत. कामगारांच्या वसाहतीत एकच दार उघडं, मामांचं. त्यांचा जन्म कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजण्यात गेलेला. ऊस संपला, पण हात ऐकेनात. मग भांडी धुतलेल्या पाण्यावर भुईआवळा नि घेटुळी ही औषधी झुडपं वाढवायची, खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून पिळायची. शेवग्याचा पाला, कोरफड, काहीच सुटत नसे. गोडी मोजायची काचेची नळी त्या रसात सोडायची आणि मान हलवायची, "साखर न्हाई, पर गुण लई हाय."

मला वाटायचं, एकटेपणाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मग मी टँकरचं पाणी न उकळता प्यायलो.

आधी उलट्या झाल्या. मग लघवी सरकीच्या तेलासारखी. मामांनी पापणी ओढली आणि पायात चपला सरकवल्या. खटारा लुनावर मागे बसवून मला नांदूरघाटला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे त्यांनी आधी डॉक्टरचीच पापणी ओढली. "जागरन लई हुतंय तुमाला."

"पेशंट कोण आहे, काका?" डॉक्टर म्हणाले.

कावीळ निघाली. विश्रांती, उकळलेलं पाणी, साधं जेवण, आणि पुन्हा रक्त तपासायचं.

"भुईआवळ्याचा रस दिला तर?"

"स्वच्छ धुऊन, अगदी थोडा. बाकी तुमचे प्रयोग नकोत."

मी घाबरलो होतो. ठेकेदाराला कळलं तर दुसरा माणूस येणार. इथेच मेलो तर आईला कोण कळवणार? मामा म्हणाले, "मरायला कशापायी बसलाय रे? पड गुमान." माझी शिट्टी गळ्यात अडकवून कारखान्याच्या फेऱ्या तेच मारू लागले. चोरायला काही उरलं नव्हतं, तरी कुत्र्यांवर शिट्ट्या वाजायच्या.

सकाळी त्यांच्या ओट्यावर हजर राहायचं. "लिव्हर म्हंजी आपला कारखाना, कोकण्या. मळी अडकली की समदं ठप्प."

"कडू आहे हो मामा."

"कडू लागतंय म्हंजी जीभ चालू हाय. घे."

रस प्यायला की दुपारपर्यंत सावलीत बसायचं. मग ज्वारीची भाकरी, ताक आणि कारखान्याच्या गोष्टी. उठताना पापणी. "अजून पिवळं हाय. उद्या ये."

दिवस उलटले. भूक परत आली, अंगात ताकद आली, पण पिवळं काही जाईना. मी धास्तावलो. मामांना न सांगता दुधाच्या गाडीत बसून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, डोळे बघितले. "अहो, डोळे तर केव्हाच पांढरे झालेत. कामाला लागा."

रागातच परत आलो. "मामा, मी बरा झालोय. डॉक्टर म्हणतात, कधीचाच."

मामा फडकं पिळत होते. "मला दिसत न्हाई व्हय?"

"मग पिवळं पिवळं कशाला म्हणत होता?"

त्यांनी नळी पुसून ठेवली. "कारखाना बंद झाला तवा समदे गळ्यात पडून रडले. येत जाऊ मामा, म्हनले. जे आले ते पिवळे होऊनच आले. बरं झालेलं मानूस फिरकत न्हाई रे कोकण्या." मग रसाचा पेला माझ्याकडे न देता स्वतःच पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं. "लई कडू हाय की."

पुढे ठेकेदाराने मला भिवंडीला गोदामावर हलवलं. रस गुणाला आला की विश्रांती, मला ठाऊक नाही. ते डॉक्टरांना विचारा. पण त्या ओट्यावर मला कोणी आजारी परका समजलं नाही, एवढं ठाऊक आहे.

मामांचं हे देणं मी फेडणार आहे. पहिली मोठी सुट्टी मिळाली की आधी त्यांच्याकडे, मग कोकणात. आठवडाभर राहीन. अंगात काहीही दुखत नसताना जाईन.